माहिती गोपनीय राहील

सोमवार, १० नोव्हेंबर
सरकारी सर्वेक्षणाची ड्यूटी लागली. शाळेतून मी एकटाच. बरोबरच आहे. घरटी एकतीस प्रश्न, सगळं मोबाईल ॲपमध्ये. रत्नागिरीच्या ट्रेनिंगला साहेब म्हणाले, लोकांची माहिती बाहेर जाता कामा नये. बाकीचे डुलक्या काढत होते, मी लिहून घेतलं. संकल्प: घरातसुद्धा एक अक्षर बोलायचं नाही. मोबाईलला नवा पासवर्ड. (बायकोला, दीपालीला, सांगून ठेवलाय. विसरलो तर पंचाईत.)

बुधवार, १२
वरची वाडी संपवली. 'पती कुठे राहतात?' या प्रश्नाशी मालनबाई अडल्या. सरकारला हे कशाला हवं, म्हणाल्या. प्रश्न रास्त, पण उत्तर मला कुठे ठाऊक? म्हटलं, माहिती गुप्त राहते, माझा शब्द. तेव्हा सांगितलं. नवऱ्याने चार वर्षांपूर्वी मुंबईत दुसरा संसार थाटला. वाडीला मात्र 'सुट्टी मिळत नाही' एवढंच माहीत. मुलीचं, शमिकाचं, खेडच्या स्थळाशी जमतंय. तोवर हे फुटायला नको.
"सरकारला सांगतेय, गुरुजी. वाडीला नाय."
केवढा हा विश्वास! गहिवरून आलं.

गुरुवार, १३
दीपालीला सांगितलं. म्हणजे तसं नाही. लोक माझ्यावर किती विश्वास टाकतात, याचं उदाहरण म्हणून. नाव घेतलं नाही. वरची वाडी, दारात रातांब्याचं झाड, मुलगी लग्नाची, एवढंच. बायको काही बाहेरची नव्हे.

रविवार, १६
बचत गटाची मीटिंग. आपला नवरा पोटातलं ओठांवर येऊ देत नाही, हे दीपालीने तिथे उदाहरणासह सांगितलं. कौतुकच केलं बिचारीने. नाव तिनेही घेतलं नाही. ते वरच्या वाडीच्या यमुनाबाईंनी घेतलं.

बुधवार, १९
खेडचे पाहुणे आज साखरपुड्याची तारीख धरायला येणार होते. आले नाहीत. मागाहून कळवतो म्हणाले. कारण दुसरंही असेल. जेवण गेलं नाही. संकल्प: मालनबाईंची माफी मागायची. उद्याच.

गुरुवार, २०
गेलो नाही. पोट बिघडलं. शिवाय एकदम माफी मागितली तर त्यांना माझाच संशय यायचा.

शनिवार, २२
साहेबांचा फोन. वरच्या वाडीत रेंज नव्हती, अकरा घरांची माहिती वर पोचलीच नाही, पुन्हा करा. म्हणजे सरकारला अजून काहीच कळलेलं नाही. माझीच चूक आहे. ॲपची नाही, दीपालीची नाही.

रविवार, २३
मालनबाईंकडे गेलो. माफीचं वाक्य पाठ होतं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. शमिका उठून आत गेली. वाक्य आठवेना. मग प्रश्नच विचारत सुटलो. पतीच्या प्रश्नाला त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.
"घरीच असतात. लिवा."
लिहिलं. सबमिट केलं. या वेळी रेंज होती, लगेच गेलं. स्क्रीनवर आलं: आपली माहिती गोपनीय राहील. त्यांना दिसू नये म्हणून मी मोबाईल उलटा धरला.