क्रेनगाडीचा दोरा

दि. ४ फेब्रुवारी

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

धूळ झटकताना आप्पांच्या खेळण्यातल्या रेल्वेची क्रेनगाडी माझ्या हातून फळीवरून खाली आली. इंजिनं, डबे, रूळ सगळं शाबूत. पडायची ती नेमकी हीच पडली. दोरे तुटलेत आणि पुढचा लांब दांडा मान मुरगळल्यासारखा लोंबतोय. रेल्वे यार्डातली खरी क्रेन चालवायची नोकरी सुटल्यावर त्यांनी हिचा एकेक तुकडा घरी बसून कापला होता, तुला सांगायला नको. आता सकाळचं त्यांना दुपारी आठवत नाही, पण गाडी मी पाडली हे मात्र पक्कं लक्षात आहे.

मी दोरा ओवायला बसले, तर शेजारच्या काकूंसमोर म्हणाले की हिला एक गाठ नीट मारता येत नाही, म्हणून तर सासरीसुद्धा टिकली नाही. काकूंना हसू आवरेना. दिवसभर तुझ्या हाताचा जप चाललाय. घड्याळजीचा हात तो! एकदा येऊन जा.

पत्रातून पाठवतोस तो लोभ या वेळी स्वतः घेऊन ये.
तुझी ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो, रागावू नकोस. दुकान सोडून येणं जमत नाही. काम तसं सोपं आहे. बारीक रेशमी दोरा घे, मेणावरून ओढ, म्हणजे पीळ सुटणार नाही. एक दोरा दांड्याच्या टोकापासून मागे केबिनच्या छपरापर्यंत. तो दांडा वर धरतो. त्याच्या डाव्या-उजव्या पदरांचा ताण सारखा ठेव, नाहीतर दांडा तिरळा बघेल. दुसरा दोरा रिळावरून निघून टोकाच्या कप्पीवरून खाली आकड्याला. गाठीवर डिंकाचा थेंब, आणि चिमटा वापर, बोटं नको.

झालं की खोक्यात घाल आणि छोट्याने दुरुस्त करून पाठवली म्हणून सांग. म्हातारा खूश, तुझी कटकट गेली. त्यात तुझं काय जातंय?

आहे तेवढी माया राहू दे, जास्त मागत नाही.
तुझा छोट्या


दि. २ मार्च

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

गाडी झाली. कप्पीतून दोरा कितीदा निसटला ते विचारू नकोस. पदर सारखे होईनात, दांडा दर वेळी डावीकडे कलायचा. पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं. शेवटी आकडा सरळ वर गेला, तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली.

तू सांगितलंस तसंच केलं. आप्पांनी खोकं उघडलं, हँडल फिरवलं आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. काकूंना बोलावून दाखवलं, याला म्हणतात हात. मला म्हणाले की आता हिला शिवू नकोस, तुझा हात अवदसेचा. शिवाय सगळी रेल्वे, छोट्या, तुझ्या नावावर करून टाकली, तोंडी. मी चहा ठेवायला आत गेले.

ते तुझी वाट बघतायत. मीही, थोडी.
तुझी ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आप्पांनी बरं केलं. माझीच आहे, तर उशीर कशाला? इथल्या एका खेळण्यांच्या दुकानदाराला काचेत मांडायला अशी जुनी रेल्वे हवी आहे, मी हो म्हणून बसलोय. सगळं कापसात बांधून पाठव, क्रेनगाडीसकट. तिच्याशिवाय तो घेणार नाही. म्हाताऱ्याला काय, दोन दिवसांत विसरेल. येण्याचं म्हणशील तर तिथल्या त्या औषधांच्या वासाने मला मळमळतं, खरं सांगतो.

राग आला तरी पार्सल नीट बांध.
तुझा छोट्या


दि. १८ मार्च

छोट्या,

तुझं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं. कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने. मळमळीचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, मी वाचलं. मग हेही सांगितलं की दोरे मी बांधलेत.

त्यांनी गाडी उचलून माझ्यापुढे धरली. मला वाटलं, देतायत. दोन्ही हात पुढे केले. तर म्हणाले कात्री दे. दिली. हात थरथरत होते, पातं बोटावर आलं असतं, म्हणून दोरा मी ताणून धरला. एकेक पदर कापला त्यांनी. दांडा खाली आला तेव्हा समाधानाने म्हणाले की आता छोट्या येईल आणि नीट बांधेल.

दुसऱ्या दिवशी यातलं काही आठवत नव्हतं. दुपारचा चहा झाला की विचारतात, छोट्या कधी येणार. मी तुझं पत्र आणते आणि पहिल्या ओळीपासून वाचते. रोज त्यांना ते पहिल्यांदाच कळतं. रोज चेहरा तसाच पडतो. काल वाटलं, आज नको वाचायला. मग त्यांनी हाक मारली, अवदसे म्हणून. मी चष्मा लावला.

पार्सल येणार नाही. पत्रं मात्र पाठवत जा, हे आता घडीवर फाटत चाललंय.

ताई