ओवाळणीत विरोधी पक्ष

न्यू लिन, २ ऑक्टोबर २०००

चि. सौ. सुनीतीस,
अ. उ. आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम.

तू तुझ्या वहिनीला फोनवर सांगत होतीस ते मी शेजारच्या खोलीतून ऐकलं. माझे कान तुला ठाऊकच आहेत. म्हणे सभेत आरोग्य बिलाच्या बाजूने उभी राहिलीस, एकाने विचारलं की निवडून आलेल्यांना हॉस्पिटल चालवता येणार आहे का, आणि तू गप्प खाली बसलीस. लोक हसले. डॉक्टरांना दम भरणारी नर्स तू, आणि तोंडाला कुलूप!

मी बिलाच्या विरोधात आहे, हे विसरू नकोस. हॉस्पिटलांवर सरकारने नेमलेले डायरेक्टर घालवून लोकांनी निवडलेली मंडळं आणायची म्हणे! आपल्या गावी नगरपालिका निवडून येत होती. नळाला पाणी कधी आलं? पण आता संसदेच्या समितीपुढे बोलायला जाणार आहेस, तिथे माझ्या बहिणीला कुणी हसलेलं खपणार नाही. भाऊबीजेला काय हवं ते कळव.

तुझा दादा, गुरुनाथ

पामर्स्टन नॉर्थ, ६ ऑक्टोबर

ति. दादास,
सा. न. वि. वि.

साडी नको, कपाटात जागा नाही. ओवाळणीत तुझा पक्ष दे. तुझ्या नॅशनल पक्षाची मंडळी तुझ्या डेअरीच्या दुकानात पेपर घ्यायला येऊन बिलावर जे बोलतात ते सगळं पाठव. खवचट असेल ते आधी. या वेळी गप्प झाले तर पुन्हा कुठल्याच सभेत उभी राहणार नाही, हे ठरवलंय.

कांचनवहिनींना नमस्कार. बिल आणणाऱ्या लेबर पक्षाला मत देऊन त्या तुझ्या घरात कशा टिकल्या, हेही समितीला सांगेन म्हणते.

लोभ आहेच, आगाऊ ओवाळणीने तो वाढेल.
सुनीती

न्यू लिन, १० ऑक्टोबर

चि. सौ. सुनीतीस,
अ. आ.

घे. रिटायर्ड बँक मॅनेजर म्हणतो, निवडणूक आली की बोलघेवडे पुढे आणि कामाचे मागे. प्लंबर म्हणतो, दर सरकार हॉस्पिटलची पाटी बदलतं, नळ तेच गळके. आता माझा टोला. मी डेअरी चालवतो ती कुणी मतं दिली म्हणून नव्हे. दूध नासलं तर गिऱ्हाईक बाटली घेऊन माझ्याच नाकासमोर उभं राहतं, म्हणून ती नीट चालते. याला उत्तर शोध. सापडणार नाही.

थंडी आहे, समितीसाठी वेलिंग्टनला जाशील तेव्हा तिथल्या वाऱ्यात स्वेटर घाल.
दादा

पामर्स्टन नॉर्थ, २० ऑक्टोबर

ति. दादास,
सा. न.

समितीतल्या तुमच्या पक्षाच्या सभासदाने तोच प्रश्न विचारला, निवडून आलेल्यांना हॉस्पिटल चालवता येणार आहे का. सभेतलाच! वाटलं, हा तर आपला दादाच बोलतोय, आणि भीतीच गेली. सांगितलं की माझा भाऊ तुमच्याच पक्षाचा, त्याच्याकडे नासलेल्या दुधाची बाटली त्याच्या नाकासमोर धरता येते. माझ्या वॉर्डातल्या आजींचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे गेलं. त्यांनी बाटली कुणाच्या नाकासमोर धरायची? डायरेक्टरांचं नाक कुणी पाहिलंय?

समिती हसली. पण या वेळी माझ्या बाजूने. ओवाळणी पोचली.

तुझी सुनीती

न्यू लिन, १६ डिसेंबर

चि. सौ. सुनीतीस,
अ. आ.

बिल पास झालं. आम्ही हरलो. कांचनने शिरा केला आणि मला मुद्दाम दोनदा वाढला. माझ्याच बाटलीने माझाच पक्ष झोडलास, हे मी डेअरीत कुणाला सांगितलेलं नाही.

पुढल्या वर्षी त्या मंडळांची निवडणूक आहे. उभी राहा. माझं मत तिकडे चालत नाही, त्यामुळे मी खुशाल विरोधात राहीन. तुझा फोटो मात्र दुधाच्या फ्रिजवर लावलाय. काल बँक मॅनेजरने विचारलं, ही कोण. म्हटलं, माझी बहीण. हॉस्पिटलची तक्रार असेल तर हेच ते नाक.

तुझा, विरोधी पक्षातला
दादा