काचेवरचा घास

माझ्या रेवाबाळाला,

तू कॅनडात वाढतीयास, तुला मराठी समजतबी न्हाई, वाचायचं तर लांबच. म्हनून हे पत्र माझ्यापाशीच ऱ्हाईल.

शेजारची निकिता मला इंग्रजी शिकवती. म्हनती, "आजी, शब्द नुसते घोकू नका, करून दावा." मग मी गोठ्यात गाईपुढं उठत-बसत 'सिट, स्टँड' म्हनायची. ती नुसती रवंथ करायची.

तू तर फोनवर मला बघून आईच्या मागं लपायचीस. आज दूधभाकरीचा घास पुढं केला अन् भीतभीत म्हनले, "रेवा, ईट."

बाई गं, तू 'आ' केलंस! गाईला न कळलेली भाषा समुद्रापलीकडं तुला कळली. मला भानच ऱ्हायलं न्हाई, घास फोनलाच लावला.

काच दुधानं माखलीय. फडकं घेऊन बसलेय, पर पुसायला हात उचलंना.

तुझी देवळालीची आजी