हातानं उतरवायचं घर

मी, मनकर्णाबाई बद्रीनाथ गायके, वय चौऱ्याहत्तर, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मी हादरलेली आहे, पण शुद्धीवर आहे.

आज सकाळी गंगापूरहून, बहिणीकडून, ठरल्यापेक्षा आधीच परतले तर दारात जेसीबी! स्वयंपाकघराची भिंत खिडकीसकट जमिनीवर. शेजारी माझा मुलगा विश्वजीत. म्हणाला, "आई, तुला सरप्राईज द्यायचं होतं. गुडघे दुखतात ना तुझे, नव्या घरात लिफ्ट बसवतोय." पोटच्या पोराला माहीत नसावं, हे घर कशाचं आहे?

यजमान कै. बद्रीनाथ आणि मी जुन्या दार-खिडक्यांचं दुकान चालवलं. पाडलेल्या इमारतींचा चांगला माल आणायचा, घासूनपुसून विकायचा. त्यातूनच हे घर झालं. गर्डर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचे, फरशी जुन्या शाळेची, सागवानी दारं कुणाकुणाची. ती खिडकी म्हणजे यजमानांनी आणलेला पहिला माल. तिचा चुरा झाला. मला अजून खरं वाटत नाही.

घर माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात जागा विश्वजीतला, पण अट अशी: घर आमच्या दुकानासाठी जुना माल उतरवणाऱ्या जहांगीरभाई मिस्त्रींच्या माणसांनी हातानं उतरवायचं, वरून खाली, आणि तेच गर्डर, त्याच विटा, तीच फरशी नव्या घरात लावायची. नात तनुजा इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत म्हणाली होती, "आज्जी, विटेच्या भट्टीचा, लोखंडाचा धूर एकदा होऊन गेलाय. हे फोडून नवं आणलं की तेवढाच धूर पुन्हा." एवढं कळणाऱ्या पोरीनं बापाला सांगू नये, हा दुसरा धक्का. तरी माझी पहार, पटाशी आणि खिळे उपसायची पकड तिलाच. बापानं अट मोडली तर जागाही तिची.

बँकेतली ठेव मजुरीसाठी. सूनबाई सोनियाला पाटल्या. सामान हलवताना तिनं लोणच्याची एकही बरणी फोडली नाही.

शेजारीण चंपाबाईला काहीच नाही. जन्मभर ती या घराला 'भंगारमहाल' म्हणत आली. पण भिंत पडल्यावर मशीनपुढं हात पसरून उभी राहिली ती हीच. "मनकर्णा येईस्तोवर एक वीट बी हलू द्यायची नाय!" साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही म्हणतात, म्हणून तिलाच साक्षीदार केलं. फिट्टंफाट झाली.

स्थळ: पुंडलिकनगर, उघडं पडलेलं स्वयंपाकघर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

सही: मनकर्णाबाई बद्रीनाथ गायके

साक्षीदार:
१) चंपाबाई, शेजारीण
२) गोकुळ, जेसीबीचालक (मशीन बंद करून सही केली)

पुढचं सहीनंतरचं आहे, कोर्टानं नाही वाचलं तरी चालेल. गोकुळ सही करून चाचरत म्हणाला, "आज्जी, मला बी गावाकडं दोन खोल्या बांधायच्यात. सैपाकघराचं ते दार..."

मी म्हटलं, "तू साक्षीदार झालास. माझ्या मरणातनं तुला काय मिळायचं नाय. भिंत तूच पाडलीस, आता दार आजच घेऊन जा."

विश्वजीतनं पहार उचलली.

"ठेव ती," मी म्हटलं. "आधी बिजागरी सोडव."