राजकुमारच्या पाठीवरून देवगिरी

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप गोकुळमामांच्या चरणी भाचा बद्रीनाथ याचा साष्टांग दंडवत. (साष्टांग तूर्त कागदावरच समजावा. डावी पोटरी अजून आठही अंगांना एकदम खाली जाऊ देत नाही. का, ते पुढं येतंच आहे.) इकडं सगळे खुशाल आहेत. प्रेरणा बरी आहे. राजनंदिनीची परीक्षा चालू आहे, त्यामुळं ती सोडून घरात सगळ्यांना टेन्शन आहे. तुमची तब्येत कशी आहे? शिवराज, सूनबाई आणि लेकरं मजेत असतील. सिल्लोडला थंडी पडली का? तुम्ही म्हणाल, एवढंच विचारायचं होतं तर फोन का नाही केला. मामा, फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "बरं, ठेव" म्हणता, आणि माझी हकीकत दुसऱ्या वाक्यात मावणारी नाही.

झालं असं, की दसऱ्याच्या आधी आमच्या औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात सगळ्यांचं रक्त तपासलं. तुम्हाला माहीतच आहे, बियाण्यांच्या कंपनीत गेली बावीस वर्षं मी एकाच खुर्चीवर बसून आहे. खुर्चीनं माझा आकार घेतला की मी खुर्चीचा, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. तर माझी साखर काठावर निघाली. तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी बोटं दुमडत तीन गोष्टी सांगितल्या: रोज अर्धा तास चाला, आठवड्यातून एक-दोन दिवस अंगाला विसावा द्या, आणि वेळेवर नीट जेवा, पुरेसं झोपा. मी पहिल्या बोटाकडंच बघत राहिलो. पुढची दोन बोटं दुमडेपर्यंत मी मनानं क्रीडा संकुलाच्या मैदानावर तिसरी फेरी मारत होतो. (आपल्या घराण्याचा हा गुणच आहे. आईला वैद्यानं चमचाभर काढा सांगितला, तर ती वाटीभर घ्यायची आणि वर म्हणायची, बरं व्हायचंच आहे तर लवकर होऊ.)

ऑफिसातल्या मंडळींनी तेव्हाच मोबाईलवर एक ग्रुप काढला. त्यात ज्याची त्याची दिवसभराची पावलं दिसतात, आणि नंबर लागतात. पहिल्या दिवशी माझी दोन हजार तीनशे झाली. पहिला नंबर आमच्या गोदामाच्या राजकुमारचा: अकरा हजार. हा राजकुमार माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, अंगानं काटकुळा, मिशी तेवढी वजनदार. त्या माणसानं आजवर माझं काहीही वाईट केलेलं नाही, पण ते अकरा हजार मी त्या रात्री चार वेळा उघडून बघितले. दुसऱ्या दिवसापासून मी क्रांती चौकातच रिक्षा सोडायला लागलो आणि तिथून औरंगपुऱ्यापर्यंत पायी. ऑफिसात पाणी प्यायला उठलो की अर्धाच ग्लास प्यायचा, म्हणजे पुन्हा उठता येतं. घरी फोनवर बोलताना जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या. समोरच्या लीलाबाईंनी खिडकीतून ते बघून प्रेरणाला हळूच विचारलं, की साहेबांचं नोकरीचं काही बिनसलंय का. पण मामा, पहिल्याच मंगळवारी मी राजकुमारला हरवलं! माझी चौदा हजार, त्याची फक्त एकोणीसशे. शुक्रवारी पुन्हा तेच. पुढच्या मंगळवारी पुन्हा. मी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. राजकुमारनं दर वेळी टाळ्यांचं चित्र पाठवलं. मला वाटलं, जळतोय.

नुसत्या चालण्यानं भागेना, तेव्हा मला तुमची तालीम आठवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही आम्हा भाच्यांना पहाटे दंडाला धरून न्यायचात आणि पन्नास बैठका काढायला लावायचात. नंतर पितळी पेलाभर दूध, भिजवलेले बदाम, आणि मग कडुलिंबाच्या सावलीत चटईवर गप पडून राहायचं. जो हलला त्याला तुमचा आवाज. यातल्या बैठका तेवढ्या मला आठवल्या. दूध, बदाम आणि चटई सोयीस्कर विसरलो. वय अठ्ठेचाळीस, तर पन्नास कशाला, शंभर काढू, म्हणून शंभर काढल्या. दुसऱ्या दिवशी बसलं की उठता येईना, आणि उठलं की बसायची हिंमत होईना. प्रेरणानं मला दोन्ही हातांनी ओढून खुर्चीतून काढलं आणि मी, तुमचा भाचा, त्याच पायांनी पुन्हा शंभर काढल्या. दुखतंय म्हणजे लागू पडतंय, असा माझा त्या दिवसांतला सिद्धांत होता.

खाण्याचं विचारू नका. भाकरी बंद, भात बंद, पोळी बंद. सकाळी काकडी आणि लिंबूपाणी, दुपारी मोड आलेले मूग, संध्याकाळी उरलेली काकडी. रविवारीसुद्धा सुट्टी नाही. पहाटे चारलाच डोळे उघडायचे आणि दुपारी ऑफिसात उघड्या डोळ्यांनी झोप लागायची. त्या झोपेत मी एका दुकानदाराला गव्हाऐवजी कांद्याचं बियाणं पाठवून दिलं. प्रेरणा तशी कमी बोलते, पण शेतकऱ्याची लेक आहे. एका सकाळी काकडी चिरता चिरता म्हणाली, "जमीनसुद्धा एक हंगाम पड ठेवतात. तुमचं कोरडवाहू रान, त्यात खत बंद, पाणी बंद, आणि नांगरट रोज!" मी तिला म्हणालो, तुला यातलं शास्त्र कळत नाही. (मामा, हे वाक्य मी आजही झोपेत आठवून दचकतो.)

तर अशा सव्विसाव्या दिवशी, म्हणजे विसाव्याशिवायच्या सव्विसाव्या दिवशी, ऑफिसची सहल देवगिरीच्या किल्ल्यावर गेली. खाली सगळ्यांनी पोहे खाल्ले. राजकुमारनं दोन बशा खाल्ल्या, वर केळं खाल्लं, आणि मला मिशी पुसत म्हणाला, घ्या की. मी बाटलीतलं लिंबूपाणी दाखवलं आणि हसलो. त्या हसण्यात जो तोरा होता ना मामा, तो तुम्ही बघितला असता तर तिथंच कान पिळला असता. मग मी निघालो. तोफा मागं टाकल्या, मिनार मागं टाकला, कंपनीतली पोरंसोरं मागं टाकली. मागं वळून बघितलं, तर राजकुमार संथपणे, जावयासारखा, आजूबाजूचं बघत येत होता. मला अजून चेव आला. खंदकाच्या पुलापाशी पोचलो आणि डाव्या पोटरीत कुणीतरी खिळा ठोकावा तसं झालं. पाय आखडला, डोळ्यांपुढं काजवे चमकले, घाम गार झाला, आणि मी होतो तिथं बसलो. खरं सांगतो, आधी हसू आलं, आणि मग एकदम भीती वाटली. लेकीचा, राजनंदिनीचा चेहरा समोर आला. वाटलं, आपण हे सगळं जिच्यासाठी करतोय म्हणत होतो, तिला आज कुणी फोन करून काय सांगेल?

जवळच एक गाईड शाळेच्या पोरींना सांगत होता, की हा किल्ला लढून कुणाला घेता आला नाही. आत धान्याची पोती समजून भरलेली पोती मिठाची निघाली, म्हणून पडला. म्हणजे उपासमारीनं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात राजकुमार आला. "बद्रीभाऊ, काय झालं?"

"काय नाय. देखावा बघतोय."

"डोळे मिटून?"

त्यानं बाटलीतल्या पाण्यात आपल्या खिशातली मीठ-साखरेची पुडी टाकून ते मला पाजलं, पोटरी चोळली, आणि मी नको नको म्हणत असताना मला पाठीवर घेतलं. मामा, माझं वजन काकड्या वजा जाता चौऱ्याऐंशी किलो. तो बावन्न वर्षांचा काटकुळा माणूस मला घेऊन एकेक पायरी उतरत होता, आणि शाळेच्या पोरी आम्हाला रस्ता देत होत्या. (त्यांतल्या एकीनं, "आजोबांना बरं नाही," असं म्हटलेलं मी ऐकलं. राजकुमारनंही ऐकलं. तो सभ्य आहे, हसला नाही. फक्त पाठ हलली.) वाटेत मी त्याच्या कानाशी कबूल केलं, की गड्या, तुला हरवायच्या नादात हे झालं, मंगळवारी-शुक्रवारी हरवलं तेव्हापासून डोकंच फिरलं. तो थांबला.

"भाऊ, मंगळवारी आणि शुक्रवारी मी चालतच नाय. ते माझे आरामाचे दिवस. तालुक्याला कबड्डी खेळायचो ना, तवापासूनची सवय. नाय तर अंग तुटतं." मग दोन पायऱ्या उतरून म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी लई चालायचे, म्हणून मी टाळ्या वाजवायचो. मला वाटलं, भाऊंची तयारी भारी हाय."

माझे सगळे विजय तिथंच, त्याच्या पाठीवर, संपले.

दरवाजाबाहेर सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसतात. त्यातल्या एका म्हातारीनं, द्वारकाबाई तिचं नाव, मला खाली ठेवताना बघितलं आणि राजकुमारला विचारलं, "कुणी उपाशी धाडलं रं ह्याला?" राजकुमार म्हणाला, "कुणी नाय मावशी, आपल्या मनानंच ऱ्हायलेत." तशी माझ्याकडं वळली. "लेकरा, गड चढाया आला आन् डोकं घरी ठिवून आला व्हय?" आणि तिनं आपलं फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. सव्वीस दिवसांनी भाकरीचा वास आला, मामा. मी दीड भाकरी खाल्ली. दुसरा घास घेताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हातारी म्हणाली, चटणी तिखट हाय. ती तिखट नव्हती. तिनं आपल्या वाटची भाकरी मला घातली हे मला नंतर कळलं, म्हणून पायानं चालता यायला लागल्यावर एका रविवारी प्रेरणा आणि मी डबा घेऊन तिला शोधत गेलो.

पुढं सलाईन, पोटरीला पट्टा, तीन आठवडे सक्तीची विश्रांती. त्याच डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोटं दुमडून तीन गोष्टी सांगितल्या. या वेळी तिन्ही बोटं बघितली. त्या म्हणाल्या, व्यायामानं अंग नुसतं थकतं; ते घडतं ते जेवणात आणि झोपेत. (हेच तुम्ही लिंबाखाली ओरडून सांगायचात, पण तुमची फी नव्हती, म्हणून डोक्यात गेलं नसावं.) मग मी आरामही असा मनापासून केला, की आठव्या दिवशी प्रेरणानं विचारलं, "आता यातबी पहिला नंबर काढायचाय का?" हल्ली आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास चालतो. मंगळवारी, शुक्रवारी राजकुमार आणि मी जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या पायरीवर बसून भाजलेल्या शेंगा खातो आणि एक पाऊलसुद्धा टाकत नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी, दोन अंडी, आणि दहाला झोप. साखर काठावरून थोडी आत आली आहे.

असो. कळावे. थोरांच्या आशीर्वादानं आणि राजकुमारच्या पाठीनं इथवर पोचलेला,
आपला भाचा,
बद्रीनाथ

ता. क. : प्रेरणा म्हणते, तुमच्याकडची नवी ज्वारी निघाली की चार-सहा किलो हवी. कुणाच्या हाती पाठवू नका. स्वतः घेऊन या, आणि महिनाभर राहा.

ता. क. दुसरा : मामा, ज्वारी इथं कोपऱ्यावर मिळते. मी आडवा पडलो होतो तेव्हा शिवराज बघायला आला होता (माझं तुम्हाला सांगू नको, असं मीच त्याला बजावलं होतं). त्याच्याकडून कळलं, की मामी गेल्यापासून तुम्ही सूनबाईंचं ताट परत पाठवता. दिवसाला अर्धी भाकरी, आणि बैठका मात्र वाढवत वाढवत दीडशेवर नेल्यात, चहावर. दुपारी घरात पडायचं नको म्हणून उन्हात शेताला चक्कर. हे सांगताना शिवराज खिडकीबाहेर बघत होता. त्याला रागावू नका. हे एवढं लांबण लावलं ते लेकी बोले सुने लागे म्हणून. लहान तोंडी मोठा घास होतोय, कबूल. पण निदान कुणाच्या तरी तोंडी घास जाऊ द्या. मामी जाऊन आठ महिने झाले. मी तेराव्याला आलो तो शेवटचा. तुमच्यासमोर बसून काय बोलावं ते सुचत नव्हतं. अजूनही नाही. पण येत्या गुरुवारी सकाळी गाडी घेऊन येतोय. काही न बोलता बसू.

ता. क. तिसरा (प्रेरणाच्या हातचा) : मामा, नमस्कार. पत्र पाकिटात घालायच्या आधी मी वाचलं. दुसरा ता. क. लिहिताना हे दोनदा उठून तोंड धुऊन आले, ते यांनी लिहिलेलं नाही. आणखी एक लिहिलेलं नाही. हल्ली भाकरी हेच थापतात. सांगतात राजकुमारला, सांगतात लीलाबाईंना, गल्लीत सगळ्यांना माहीत झालंय. एका बाजूनं कच्ची, दुसऱ्या बाजूनं करपलेली. राजनंदिनीनं परीक्षेचं कारण काढून अंग काढून घेतलं. मी एकटी किती दिवस खाऊ? तुम्ही या.