पट्टी कोणी लावली

प्रिय पिटुकले,

चाळिशीला आलेल्या, हाताखाली वीस माणसं असलेल्या बाईला या नावानं हाक मारू नये हे मला कळतं, पण आज दुसरं नाव लिहायला हात धजत नाही. आई बाथरूममध्ये पडली, गीझरचा विषारी वायू अंगात गेला होता, दोन दिवस दवाखान्यात राहून ती घरी आली, एवढं तुला फोनवर कळलं आहे. उरलेलं मी लिहितो. आज चौथा दिवस, पण मी अजून भानावर आलेलो नाही. 

निवृत्त झाल्यापासून माझ्या डोक्यात काय वारं शिरलं होतं ते तू पाहिलंच आहेस. कचऱ्याचे तीन डबे, फरशी पुसायला व्हिनेगर, भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना, साखर हद्दपार, पाठोपाठ चहाही. तुझी आई म्हणायची, या घरात कचऱ्याला तीन डबे आहेत, मला रुसून बसायला एक कोपरा नाही. मी हसायचो आणि पुढच्या सुधारणेला लागायचो. या थंडीत घरातली ऊब कुठून निसटते याच्या मागे हात धुऊन लागलो. मेणबत्ती घेऊन प्रत्येक खिडकीपाशी उभं राहायचं, ज्योत हलली की तिथे रबराची पट्टी. हीटर पूर्वीच्या निम्माच वेळ लागायला लागला, तसा मी येणाऱ्याजाणाऱ्याला ते ऐकवत सुटलो. शेवटी बाथरूमची हवा जायची वरची झडप राहिली होती. तिलाही चारी बाजूंनी पट्टी लावली, वरून रुंद चिकटपट्टी मारली. त्याच भिंतीवर गॅसचा गीझर आहे. तीस वर्षं मुलांना ज्वलनाचा धडा शिकवलेला माणूस मी. स्टुलावर चढलो, ती झडप बुजवली आणि खाली उतरून हात झटकले.

आठवड्याभरात आईचं डोकं दुखायला लागलं. मळमळायचं, पायांत गोळे आल्यासारखं व्हायचं. मला काहीच होत नव्हतं, कारण मी बारा महिने गार पाण्यानं अंघोळ करतो, तब्येतीला चांगलं आणि गॅसही जळत नाही. गरम पाणी तिचं एकटीचं. अंघोळ करून, तिथेच बसून चार कपडे धुऊन ती बाहेर यायची ती भिंत धरूनच. मी म्हणालो, चहा सुटल्यामुळे होतंय. मग म्हणालो, पाणी कमी पितेस. मग म्हणालो, चालायला येत नाहीस. तू डॉक्टरकडे न्या म्हणालीस, तर ऊठसूट गोळ्या घेण्यावर तुला अर्धा तास व्याख्यान दिलं, आणि तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. बरोबरच केलंस. मास्तराची खोड जात नाही, मी तिच्या डोकेदुखीची वही घातली. तारीख, किती वेळ दुखलं, आदल्या दिवशी काय खाल्लं होतं. मधे दोनदा तिनं ती चिकटपट्टी ओढून काढली आणि झडप उघडी ठेवली. म्हणाली, आत कोंडल्यासारखं होतं. दोन्ही वेळा मी चिडलो आणि दुसऱ्या दिवशी नवी पट्टी मारली.

मंगळवारी केस धुवायचे म्हणून ती जास्त वेळ आत होती. पाण्याचा आवाज चालूच राहिला. मी पेपरातून डोकं वर न काढता ओरडलो, नळ बंद कर, पाणी वाया जातंय. पिटुकले, मी तिला हाक मारली ती यासाठी. उत्तर आलं नाही तेव्हा उठलो आणि दार ढकललं, तर ते उघडलं. ती बादलीशेजारी आडवी पडली होती आणि तिच्या गालांवर छान लाली होती. क्षणभर मला वाटलं, झोपली आहे. माझा आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या शेजारच्या नर्सबाईंनी आत पाऊल टाकताच आधी गीझर बंद केला, मग पट्टी फाडून झडप उघडली, आणि आम्ही दोघांनी तिला ओढून बाहेर आणलं. कडी का नव्हती ते तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. महिनाभर ती कडी लावतच नव्हती. आत पडले तर यांच्याच्यानं दार फुटायचं नाही, असा तिनं विचार केला होता. ती स्वतःचा जीव वाचवायची तजवीज करत होती आणि मी ती काय जेवली ते लिहीत होतो.

मंगळवारी रात्री दवाखान्यातून घरी येऊन वही उघडली. सदतीस दिवसांत दोनच दिवसांपुढे ‘दुखलं नाही’ असं लिहिलं होतं. झडप उघडी होती ते दोन दिवस. माझ्याच अक्षरात, तारखेसकट. रंग नाही, वास नाही, माणसाला कळतही नाही, हे मी किती वर्गांकडून घोकून घेतलं असेल, आणि घरात दिव्याखाली अंधार.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झडप बंद कोणी केली. मी तोंड उघडायच्या आत आई नाकावरचा मास्क बाजूला करून म्हणाली, “मीच केली. मला थंडी वाजायची. यांना माहीत नव्हतं.” डॉक्टरीणबाईंनी तिला लहान मुलीसारखं झापलं, म्हणाल्या, असला शहाणपणा जिवावर बेततो. मी पलंगाशी उभा होतो, मी ऐकून घेतलं. परवा तू फोनवर तिला तेच विचारलंस, तिनं तेच सांगितलं, आणि तू रडत रडत तिला नाही नाही ते बोललीस. फोनचा स्पीकर चालू होता. ती म्हणाली, चुकलं गं माझं. मी तिच्या शेजारीच बसलो होतो आणि तेव्हाही गप्प राहिलो. पुढच्या आठवड्यात ती तुझ्याकडे राहायला येते आहे. ती मरेपर्यंत हेच सांगत राहील, मी ओळखतो तिला. पट्टी मी लावली, तीनदा लावली. ती येईल तेव्हा आधी तिची क्षमा माग. मग मला फोन कर आणि तिला जे जे बोललीस ते सगळं मला बोल.

तुझाच, ऐकून घ्यायला बसलेला,
बाबा