ठमीचा भुसा

मंगळवार, संध्याकाळ. सातपूर.

आज मी दादाचा गळा धरला. सख्ख्या भावाचा.

आमची मांजर ठमी पुन्हा त्याच्या गादीवर मुतली. त्याने तिला लाथ घातली. ती भिंतीवर आपटली आणि कपाटाखाली शिरली. "उद्या गोणीत घालून सोडूनच येतो हिला," म्हणाला. मी त्याला दाराशी दाबून ठोसा मारला. ओठ फुटला त्याचा.

तिची शी-शूची पेटी मी रोज दोनदा साफ करतो. लाकडाचा भुसा चाळून भरतो. मग ती गादीवर का जाते?

रक्त पुसत दादा पेटीशी वाकला. मूठभर भुसा हुंगला.

"शहाण्या, हा कुठून आणलास?"

"आमच्या वर्कशॉपमधून. लेथ मशीनखालचा."

"अरे, तेल टिपायला टाकतात तो! तू बसशील का यात?"

मी नाक खुपसलं, तेव्हा कुठे ऑइलचा वास आला. दिवसभर अंगालाच असतो, कळतच नाही. चाळून तेल थोडंच जातं?

ओठाला रुमाल लावून दादाच सुताराकडे कोरा भुसा आणायला गेलाय. मी कपाटाखाली हात घातला. ठमीने तो हुंगला आणि आणखी मागे सरकली.